फुलांची जेली : आधी फूल कुठले ते सांगा

दसरा उलटून अंबाडीची बोंडे रंगायला लागली की ठरावीक प्रश्न पुन्हा येऊ लागतात. जेली जमली नाही, चिवट झाली, पाणी सुटले. साखर किती घातली ते सगळे ग्रॅममध्ये लिहितात. फूल कुठून आणले ते मात्र क्वचितच कोणी लिहिते, आणि आम्हाला काळजी असते ती त्याचीच. या वेळी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (यावल) : अंबाडीची जेली करायची तर पिवळे फूल घ्यायचे की लाल?

लाल. पिवळसर फूल दिवसभरात मिटून गळते. त्यानंतर फुगून लाल होतो तो फुलाखालचा संदलकोश, म्हणजे आपले बोंड, आणि जेली त्याची होते. हिरव्या बोंडांची भाजीची अंबाडीही चालते, फक्त रंग येत नाही.

प्रश्न (चोपडा) : पूर्ण कृती प्रमाणासह द्यावी.

साधारण एक किलो ताजी बोंडे सोलली की निम्मा ऐवज हाती येतो. बोंडाच्या देठाकडे सुरीचे टोक घालून गोल फिरवायचे. आतली हिरवी गाठ अख्खी सुटून येते आणि लाल पाकळ्या हातात राहतात. या गाठी सगळ्या फेकू नका. कोवळ्या असतील त्यांतल्या मूठभर फडक्यात बांधून सोबत उकळा, त्यांत पेक्टिन असते. जेली धरते ती पेक्टिनमुळे. निबर, आतून बी काळे पडलेल्या गाठींचा उपयोग नाही.

सोललेली बोंडे ५०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मंद आचेवर २० मिनिटे, बोंडे फिकी पडेपर्यंत. मग ओले करून पिळलेले मलमलचे फडके भांड्यावर टांगून त्यात ओता आणि तीन-चार तास हात लावू नका. फडके पिळले की गर उतरतो आणि जेली कायमची गढूळ होते. सातशे मिलिलिटरच्या आसपास रस मिळतो.

आता पेक्टिनची परीक्षा. थंड झालेला एक चमचा रस वाटीत घ्या, त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट कडेने सोडा, वाटी हलकेच फिरवा आणि मिनिटभर थांबा. एकच घट्ट लोळा जमला तर पेक्टिन भरपूर. दोन-तीन गोळे झाले तर मध्यम. नुसता चुरा दिसला तर जेली होणार नाही. वाटीतले चाखू नका, ओतून द्या. स्पिरिट विषारी असते.

पेक्टिन भरपूर असेल तर ७०० मिली रसाला ६०० ग्रॅम साखर, मध्यम असेल तर ५००. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवा. रस तापवून साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, मग आच मोठी करा आणि ढवळणे बंद. लिंबू लागत नाही, अंबाडी मुळातच पुरेशी आंबट आहे. वर लिंबू पिळणाऱ्यांच्याच जेलीला पुढे पाणी सुटते. पातेले पसरट असेल तर बारा ते अठरा मिनिटांत काम होते. पातेल्यातल्या ऐवजाचे वजन साखरेच्या दीडपटीहून किंचित जास्त उरले, म्हणजे ६०० ग्रॅम साखरेला ९२० ते ९४० ग्रॅम, की उतरवा. वरचा फेस काढा आणि दहा मिनिटे उकळलेल्या, अजून गरम असलेल्या काचेच्या बाटल्यांत अर्धा सेंटिमीटर जागा ठेवून भरा. झाकण लावून भरलेल्या बाटल्या पुन्हा दहा मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. नंतर चोवीस तास हलवू नका. "जमली का बघू" म्हणून बाटली तिरपी करणाऱ्यांची जेली बसता बसता मोडते.

प्रश्न (अमळनेर) : दोनतारी पाक होईपर्यंत आटवले, तरी जेली चिवट गोळीसारखी झाली.

तरी नव्हे, म्हणूनच. तार दाखवते ती साखर. जेलीत साखर, आंबटपणा आणि पेक्टिन असे तिघे लागतात, आणि ६५ टक्के साखरेला ती जमते. तार येईस्तोवर तुम्ही हा टप्पा कधीच ओलांडलेला असतो. शिवाय जास्त उकळण्याने पेक्टिन तुटते ते वेगळेच. लाकडी चमचा बुडवून आडवा धरा. आधी थेंब सुटे पडतात. वेळ भरली की कडेवरचे दोन थेंब एकमेकांकडे सरकतात, एक होतात आणि पापुद्र्यासारखे लोंबतात. तिथे गॅस बंद. खात्री नसेल तर फ्रीजरमधल्या बशीवर अर्धा चमचा टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की झाली. ही परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवा, नाहीतर बशी बघेपर्यंत पातेले पुढे गेलेले असते.

प्रश्न (तोरणमाळ) : पुस्तकात १०५ अंश लिहिले आहे. आमच्याकडे तेवढे होईपर्यंत जेली करपते.

पुस्तक समुद्रसपाटीचे आहे. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर. तिथे पाणी ९६ अंशांजवळ उकळते. आधी तुमच्याच थर्मामीटरने तुमच्याच चुलीवर उकळते पाणी मोजा, त्यात साडेचार ते पाच मिळवा. तुमचा आकडा १००-१०१ च्या घरात येईल, जळगाव-भुसावळकरांचा १०४ च्या.

प्रश्न (भुसावळ) : एप्रिल-मेमध्ये जेली टेबलावर ठेवली की पाणी होते. उन्हाळ्यात जेली करूच नये का?

तुम्ही पाकिटातली पूड वापरत आहात, ती बहुधा जिलेटिनची. जिलेटिन ३०-३५ अंशांत वितळते आणि भुसावळच्या मे महिन्यात तेवढे तर रात्रीही असते. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, म्हणून शाकाहारींनी पाकिटावर हिरवे चिन्ह पाहावे. घटकांत ४२८ आकडा असेल तर जिलेटिन, ४०६ असेल तर अगार म्हणजे चायना ग्रास, ४४० असेल तर पेक्टिन.

चायना ग्रासची गंमत उलटी आहे. एकदा जमले की ते ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, पण जमायला मात्र त्याला साधारण ३५ अंशांखाली यावे लागते. बेचाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात ते तासनतास पातळच राहते आणि लोक पूड खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. थंड पाण्याच्या परातीत ठेवा, तासाभरात जमेल. पेक्टिनची नीट झालेली जेली उन्हाळ्यात वितळत नाही. मात्र चायना ग्रास किंवा जिलेटिनच्या जेलीत साखर कमी असते, त्यामुळे ती टिकाऊ नाही. फ्रीजमध्ये चार दिवस, पुढे नाही.

प्रश्न (धुळे) : गोकर्णाची निळी जेली लिंबू घालताच जांभळी होते. निळी राहण्यासाठी काय घालावे?

काही घालू नका. गोकर्णाचा रंग आंबटपणाला बदलतो आणि पेक्टिन आंबटपणाशिवाय धरत नाही. म्हणजे निळी जेली हवी तर ती चायना ग्रासचीच. पाव लिटर अर्काला सपाट एक चमचा पूड, पूर्ण विरघळेपर्यंत उकळायची. दुकानातल्या निळ्याशार 'फ्लॉवर जेली'च्या घटकांत १३३ शोधा. तो कृत्रिम निळा रंग. आणि रेडीमेड 'रोझ'मध्ये १२२ किंवा १२४ सापडला तर गुलाब फक्त चित्रात आहे असे समजायला हरकत नाही.

प्रश्न (पारोळा) : जर्मलचे पातेले चालेल का?

नाही, स्टील घ्या. कल्हई उडालेले पितळही नको.

प्रश्न (चाळीसगाव) : साखरेऐवजी गूळ घातला तर?

खायला बरे लागेल, पण रंग मातकट येईल, फुलाचा वास दबेल आणि जमण्याची खात्री नाही.

प्रश्न (एरंडोल) : वर बुरशीचा पातळ थर आला आहे. तो काढून खालची वापरावी का?

नाही. सगळी फेका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

प्रश्न (धरणगाव) : आमच्या कपाशीत ओळींच्या कडेने अंबाडी आहे, बोंडे भरपूर लागली आहेत. मीठ-हळदीच्या पाण्यात तासभर ठेवून धुतली तर जेलीला चालतील ना? शेवटी उकळणारच आहोत.

चालणार नाहीत. याला जरा लांब उत्तर देतो. हा प्रश्न दर हंगामात येतो आणि सोबत ही मीठ-हळदही येतेच.

आधी कपाशीचे वेळापत्रक पाहा. जूनमध्ये लागवड. जुलै-ऑगस्टमध्ये मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी फवारण्या. सप्टेंबरपासून पुढे गुलाबी बोंडअळीसाठी. तुमची अंबाडी बोंडावर येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ऐन बोंडअळीच्या फवाऱ्यात. त्यातून ती कपाशीपेक्षा उंच वाढते, त्यामुळे वाऱ्याने उडालेला तुषार आधी तिच्यावर बसतो. एक बोंड हातात घेऊन नीट पाहा. पाच पाकळ्यांची मिटत आलेली ओंजळ असते ती. तुषार आत उतरला की सावलीत बसून राहतो. पाऊस तोवर गेलेला, त्यामुळे धुऊन जायचीही सोय नाही.

आता औषधांचे प्रकार. स्पर्शजन्य औषध पृष्ठभागावर राहते, ते भरपूर वाहत्या पाण्याने थोडेफार कमी होते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरते. इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही सगळी आंतरप्रवाही. मूळ, पान, देठ, सगळीकडे ती फिरतात. आळवणीतून, म्हणजे मुळाशी ओतून, किंवा ठिबकमधून सोडले असेल तर पानावर डागही दिसत नाही. मीठ आणि हळद बोंडाच्या बाहेर, औषध आत. हे दोघे भेटणार कसे?

"उकळतोच की" हे दुसरे समाधान. काही औषधे उष्णतेने काही प्रमाणात मोडतात, काही फारशी मोडत नाहीत. किती मोडले हे घरात कळायला मार्ग नाही. आणि जेली म्हणजे आटवणे. पाणी उडते, जे उडत नाही ते घट्ट होत जाते. रंग, आंबटपणा, साखर घट्ट होते तसेच बाकीचेही.

तिसरे म्हणजे प्रतीक्षा काळ. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते प्रत्येक औषधाच्या लेबलवर पिकानुसार दिलेले असते. तुमच्या डब्यावरचे दिवस कपाशीसाठी आहेत. कपाशीचे बोंड कोणी पोळीवर लावून खात नाही. अंबाडीसाठी त्या लेबलवर काही लिहिलेलेच नाही, तेव्हा "पंधरा दिवस झाले की फवारून" या वाक्याला आधार नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे बंदी आहे. कपाशीच्या कडेची अंबाडी ही भाजीच, पण पंप पाठीवर असलेल्या माणसाला ते कपाशीचेच रान दिसते. डब्यावरचा त्रिकोण तरी पाहत जा. लाल असेल तर विषारीपणात सर्वांत वरचा वर्ग, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे खाण्यायोग्य असेही नाही. ज्या बाटलीवर ना त्रिकोण ना नोंदणी क्रमांक, नुसते 'बायो टॉनिक' आणि सिंहाचे चित्र, तिच्यात काय आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. "जैविकच मारले होते" या भरवशावर तर मुळीच राहू नका.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. खान्देशातही पीक तेच, कीड तीच, औषधांची दुकानेही तशीच. जेलीच्या एका चमच्याने तसे होईल असे म्हणत नाही. पण घरात ती रोज, आणि जास्त करून लहान मुले खातात.

उपाय महाग नाही. पुढच्या जूनमध्ये परसात आठ-दहा झाडे लावा, दोन झाडांत दोन-अडीच फूट ठेवून. मावा दिसला तर कोवळ्या वाढीवर पाच टक्के निंबोळी अर्क. बोंडे धरल्यावर तोही नको, कडवटपणा उतरतो. शेजारच्या रानात फवारणी असेल तर वारा कुठून कुठे आहे ते पाहून झाडांवर जुने लुगडे झाका. "किती फूट लांब म्हणजे सुरक्षित" असेही विचारतात. ते वारा ठरवतो, मी नाही. यंदाच्या बोंडांबद्दल शंका असेल तर ती खाऊ नका, बियाण्याला ठेवा, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कोणते औषध कधी मारले ते सांगून सल्ला घ्या. रावेर तालुक्यात पालला केंद्र आहे, धुळे-नंदुरबारलाही आहेत.

प्रश्न (जळगाव) : फुलबाजारातल्या गुलाबांची जेली चांगली होईल का? हारवाल्याकडे पाकळ्या स्वस्त मिळतात.

वरचे उत्तर पुन्हा वाचा. हाराचे गुलाब खाण्यासाठी पिकवलेले नसतात. त्यांवर भुरी आणि फुलकिड्यांच्या फवारण्या होतात आणि तोडणीआधी कोणी दिवस मोजत नाही. देवळातून उतरलेल्या हारांचा तर प्रश्नच नको.

कुंडीतला, फवारा न मारलेला, वासाचा गावठी गुलाब असेल तर सकाळी दव उतरल्यावर तोडा आणि त्याच दिवशी वापरा. फ्रीजमध्ये चार दिवस साठवून "किलोभर झाले की करू" म्हणणाऱ्यांना वास उडालेली गुलाबी साखर मिळते. पाकळीच्या बुडाची पांढरी कड कात्रीने काढा, कडवटपणा तिथे असतो. १५० ग्रॅम पाकळ्यांवर ८०० मिली उकळते पाणी ओतून अर्धा तास झाका, गाळा. गुलाबात पेक्टिन नाही म्हटले तरी चालेल. पेक्टिनसाठी कवठाचा अर्क घातला तर कवठाचाच वास येतो, म्हणून इथे विकतचे पेक्टिन बरे. ७०० मिली अर्काला ७ ते ८ ग्रॅम पेक्टिन. ते ५० ग्रॅम साखरेत कोरडे मिसळूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात आणि कशानेही फुटत नाहीत. उकळी आली की आणखी ५५० ग्रॅम साखर. उतरवायच्या आधी दोन लिंबांचा रस. लिंबू पडले की फिका अर्क क्षणात गुलाबी होतो. रंग वेगळा घालायची गरज नाही.

प्रश्न (शिरपूर) : पूजेच्या फुलांत पिवळी कण्हेर होती. सासूबाईंनी जास्वंदीसोबत तीही जेलीत उकळली. काल रात्रीपासून मुलाला उलट्या होत आहेत. ताकात लिंबू पिळून द्या असे शेजारी सांगतात. द्यावे का?

नको. १०८ लावा आणि ताबडतोब शासकीय रुग्णालयात न्या. फुलाची डहाळी आणि जेलीची बाटली सोबत घ्या. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि लाल-पांढरी कण्हेरसुद्धा, हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते. ते विष उकळून जात नाही. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे नाही. नाडी मंद किंवा वेडीवाकडी होऊ शकते, त्यासाठी ईसीजी आणि देखरेख लागते. घरी मीठपाणी पाजून आणखी उलट्या काढू नका. ज्यांनी ज्यांनी ती जेली खाल्ली त्या सगळ्यांना तपासून घ्या, बरे वाटत असले तरी. आणि असा प्रश्न स्तंभाला पाठवायचा नसतो. उत्तर छापून येईपर्यंत दिवस जातात.

बाकीच्यांनी लिहून ठेवावे : कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी, सदाफुली यांतले एकही फूल स्वयंपाकघरात नको. मारुतीला रुई चालते, आपल्या पोटाला नाही. ओळख पटत नसेल तर मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. फांदीसकट फूल घेऊन वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.

प्रश्न (धडगाव) : मोहाच्या फुलांची जेली होते का?

होते, आणि चांगली होते. पहाटे पडलेली फुले त्याच दिवशी वापरा. दुपारपर्यंत ढिगात राहिली की आंबायला लागतात. आतले केसर झटकून काढा. २५० ग्रॅम फुले ५०० मिली पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळा. मोहात गोडी भरपूर, आंबटपणा आणि पेक्टिन जवळजवळ नाही. दोन्हीची भर कवठ घालते, आणि महाशिवरात्रीनंतरचे शेवटचे कवठ मोह पडायला लागेपर्यंत हाती असते. अर्ध्याकच्च्या कवठाचा ५०० ग्रॅम गर ७५० मिली पाण्यात अर्धा तास मंद शिजवून रात्रभर टांगा. दोन्ही अर्क समान घ्या, ८०० मिलीला ५०० ग्रॅम साखर. फुलांची स्वतःची साखर किती उतरली ते ठाऊक नसते, त्यामुळे वजनाचा हिशेब इथे लागू नाही. बशीची परीक्षाच करा.

प्रश्न (रावेर) : वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. 'शुगर-फ्री' फुलांची जेली द्यावी का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. घरच्या जेलीत पासष्ट टक्के साखर आहे. विकतच्या 'शुगर-फ्री'मध्ये मॉल्टोडेक्स्ट्रिन असेल तर रक्तातली साखर त्यानेही वाढते, पाकिटावर साखर शून्य लिहिलेले असले तरी. अंबाडीच्या अर्काने रक्तदाब थोडा उतरतो; गोळ्या चालू असताना रोज घ्यायचा असेल तर तेही सांगून ठेवा. गरोदर स्त्रियांनीही विचारूनच.

प्रश्न (नंदुरबार, बचत गट) : पन्नास बाटल्या प्रदर्शनात विकायच्या आहेत. एकदाच पाच लिटर रस उकळला तर?

एका वेळी दीड लिटरच्या वर नको. मोठ्या पातेल्यात आटायला तास लागतो, तोवर पेक्टिन तुटते, रंग तपकिरी होतो, आणि मग माल वाचवायला कोणीतरी एसेन्स आणि रंग सुचवते. विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी, बाटलीवर घटक, बॅच आणि तारीख लागते. नियमांत जेली म्हणजे फळांची, किमान ६५ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या साखरेची टक्केवारी). नुसत्या पाकळ्यांच्या मालाला कोणते नाव द्यायचे ते अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा, लेबले छापल्यावर नव्हे. ब्रिक्स मोजायचे हातातले रिफ्रॅक्टोमीटर गटात एक असू द्या.

प्रश्न (साक्री) : मागच्या वर्षीची वाळवलेली बोंडे आहेत. त्यांची होईल?

होईल. लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून मग उकळायची. पेक्टिनची परीक्षा केल्याशिवाय साखर घालू नका. डब्यात जाळी किंवा भुंगे दिसले, किंवा कुबट वास आला, तर टाकून द्या. आणि ती कुणाच्या शेतातली होती, ते कळवा.